जावयाची बेगमी

झाडगाव, रत्नागिरी
ता. १२ एप्रिल १९३४

तीर्थस्वरूप रावजीमामा यांस काशीरामचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, येत्या महिन्यात माझ्या आणि सखूच्या लग्नाला दोन वर्षे पुरी होतील. "जावयाला नोकरी लागू दे, खोली होऊ दे, मुलगी पाठवतो," असे आपण मांडवात चार माणसांसमोर म्हणाला होता. बंदरावरच्या वखारीत मला कारकुनी लागून आठ महिने झाले. पगार अठरा रुपये. आता झाडगावात दोन रुपये भाड्याने खोलीही घेतली आहे. पुढे पडवी, मागे मोरी, चुलीला वेगळी जागा. आई असती तर सुनेला न्यायला तीच आली असती. ती नाही, म्हणून रविवारी मीच पालीला येतो. सखूचे बोचके बांधून ठेवावे.

गेल्या वर्षात आपल्याला दोन पत्रे पाठवली, उत्तर आले नाही. टपालात हरवली असतील असे मी समजतो. हे हरवू नये म्हणून गफूर गाडीवाल्याच्या हाती दिले आहे.

आपला,
काशीराम

*

पाली
ता. १८ एप्रिल १९३४

चि. काशीराम यांस रावजी धनावडे याचा आशीर्वाद.

रविवारी आलात आणि पाणीही न घेता निघून गेलात. दुकानात गिऱ्हाईक होते म्हणून "आता धाडत नाही" एवढेच म्हणालो, कारण आता लिहितो. धोंड्याचा महिना लागला आहे. अधिकात मुलगी सासरी धाडत नाहीत, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितले असते.

दुसरे असे की, तुमची पत्रे हरवली नव्हती. वाचली आणि ठेवून दिली. माझे दुकान पालीच्या बाजारात आहे. रत्नागिरीहून वर चढणारी प्रत्येक गाडी माझ्या पायरीशी थांबते आणि बातमी उतरवून जाते. तुम्ही दोन्ही वेळ गंगुबाईच्या खानावळीत जेवता. महिन्याचे सात रुपये तिला देता आणि शेवटच्या आठवड्यात पानसुपारीसुद्धा उधारीवर खाता. मग माझ्या मुलीला कुठे बसवणार, गंगुबाईच्या पंगतीला? भाड्याची पावती फाडली म्हणजे घर झाले असे तुम्हाला वाटते. घर म्हणजे मडकी, आणि मडक्यांत काहीतरी.

तेव्हा माझी अट ऐका. जूनमध्ये आगबोट बंद होते, वाटा बंद होतात, बाजारात दीडपट भाव होतो. त्याच्या आत चार महिन्यांची बेगमी स्वतः भरा. स्वतः रांधा, स्वतः खा. खानावळ नाही, उधार नाही, कोणाच्या घरचे ताट नाही. गफूर दर खेपेला खोलीत डोकावून जाईल. एवढा एक पावसाळा काढून दाखवा. आश्विन लागला की सखूचे बघू.

कळावे.
रावजी

*

झाडगाव
ता. ६ मे १९३४

रावजीमामा यांस नमस्कार.

अधिक महिन्यात लोक जावयाला घरी बोलावतात, धोंडे करून वाढतात, ऐपतीप्रमाणे वाण देतात. तुम्ही मला परीक्षेला बसवलेत. जगात एकाच जावयाच्या वाट्याला हे आले असेल. वखारीत कोणी विचारले की "सासऱ्याने काय दिले?" तर मी "यादी दिली" म्हणून सांगतो.

तुमची अट मान्य आहे, ती तुमच्या भीतीने नव्हे. मला माझी बायको हवी आहे आणि तुमच्याशी वाद घालून ती मिळणार नाही, एवढे मला कळते. एक तारखेपासून खानावळ सोडली. गंगुबाईची बाकी चुकती केली. पहिल्या दिवशी भात करपला, दुसऱ्या दिवशी त्याची खळ झाली, तिसऱ्या दिवशीचा शेजारच्या मांजराने खाल्ला, म्हणजे तो बरा असावा. आता जमतो. कुळथाची पिठी जमते, आमसुलाचे सार जमते. भाकरी अजून गोल होत नाही, पण पोटात गेल्यावर तिचा आकार कोणी विचारत नाही.

तुमच्या समाधानासाठी बेगमी लिहून पाठवतो. तांदूळ दोन मण, नवीन कणगीत. कुळीथ दोन पायल्या. सुके बांगडे दोनशे, जवळा एक परडी, आमसुले, मिरची, कांदे, फणसाच्या आठळ्या राखेत घालून. लाकडे पडवीत छपरापर्यंत रचली. मीठ दहा शेर, घासलेटचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन त्यात भरले आणि हाताशी राहावे म्हणून कणगीच्या वरच्या फळीवर ठेवले. साठवलेले सगळे पैसे यात गेले. काही राहिले असेल तर खोट काढा.

काशीराम

*

पाली
ता. २२ मे १९३४

चि. काशीराम यांस आशीर्वाद.

यादी वाचली. गफूरही बघून आला. तांदूळ जुना घेतलात, म्हणजे अक्कल अगदीच गहाण पडलेली नाही. दोनशे बांगडे एकट्या माणसाला कशाला, ते तुम्ही जाणा. मांजर तुमच्या ओळखीचे झालेच आहे. बाकी खोट काढण्यासारखे मला काही दिसत नाही.

धोंड्याचे वाण पाठवणार होतो. तुमच्या पत्रातला जिभेचा पट्टा बघून डबा परत फळीवर ठेवला.

रावजी

*

पाली
ता. १५ जुलै १९३४

चि. काशीराम यांस.

गफूर परवा भिजत आला आणि म्हणाला, तुमच्या खोलीत सकाळी घावने, रात्री घावने. तुम्ही स्वतः जात्यावर बसून दळता आणि घरमालकीण दारात उभी राहून हसते, हेही सांगितले. पाहुणा आला, सण आला तर घावने करतात. आषाढ आताच लागतो आहे, अजून निम्मा पावसाळा पुढे आहे, आणि हा गृहस्थ बेगमीच्या तांदळाची चैन करतो. दोन मणांचे पीठ करून उडवलेत की श्रावणात वखारवाल्यापुढे हात पसरणार. मग म्हणणार, मामा, सखूला पाठवा, दोघे मिळून उपाशी राहू.

मला हेच बघायचे होते आणि हेच दिसले. अट मोडली असे मी समजतो.

रावजी

*

झाडगाव
ता. २० जुलै १९३४

रावजीमामा यांस.

चैन. हा शब्द तुम्ही लिहिलात म्हणून झाकून ठेवलेले सांगतो.

जूनच्या शेवटी मिठाला पाणी सुटले. डबा गंजला, सांधा फुटला, आणि सगळा खार थेंबाथेंबाने खालच्या कणगीत उतरला. मी वखारीतून यायचो, भात टाकायचो आणि निजायचो, वर बघतो कोण? कळले तेव्हा वरचा अर्धा मण तांदूळ लाल आणि खारट झाला होता. त्याचा भात तोंडात धरवत नव्हता. फेकला असता तर बेगमी गेली असती आणि नवा घ्यायचा तर उधार. म्हणून तो चार पाण्यांनी धुतला, चुलीच्या उबेला पसरून वाळवला, दळला, आणि थोडा थोडा चांगल्या पिठात मिसळून घावने घालतो. अजून खारट लागतात. वर मीठ घ्यावे लागत नाही, एवढीच चैन. बाईमाणसे हसतात ती जात्यावर पुरुष बसला म्हणून. हसू देत. दात आहेत त्यांना.

घरमालकीण बघायला आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "मीठ कधी डब्यात ठेवतात काय वो? गवतात बांधून चुलीवर टांगायचा असता. शेंबडा पोर पन सांगंल." शेंबडे पोर सांगेल ते पालीच्या बाजारात तीस वर्षे मीठ विकणाऱ्याला ठाऊक नव्हते? मी डबा लिहिला होता. फळी लिहिली होती. फळीखाली कणगी लिहिली होती. तुम्ही वाचलेत आणि "खोट दिसत नाही" असे लिहिलेत. मला बुडताना बघायचे होते तुम्हाला.

अट मोडलेली नाही. एक पैशाची उधारी नाही. गफूरला विचारा, आणि यापुढे त्याला आत पाठवताना पायातल्या वहाणा बाहेर काढायला सांगा.

काशीराम

*

पाली
ता. २९ जुलै १९३४

काशीराम,

होय, मला ठाऊक होते. पत्र वाचताना मी हसलोसुद्धा. आता तुम्हाला एक सांगतो, ते वाचून मग मला काय म्हणायचे ते म्हणा.

मालन माझी थोरली. तुमच्या लग्नात तिचे नाव कोणी घेतले नाही, कारण मी बजावले होते. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. पगार तुमच्यापेक्षा जास्त. दिसायला चांगला, बोलायला गोड, पत्रे तर अशी लिहायचा की बाजारात वाचून दाखवावी. वैशाखात मनिऑर्डर आली ती शेवटची. पुढचे पैसे चहा, खानावळ आणि दोस्तमंडळी यांत गेले. घरात बेगमी भरलेली नव्हती. "आज भरतो, उद्या भरतो" करत पाऊस लागला. तिचे सासर नदीपलीकडे. वाट बंद झाली, मला काही कळले नाही. पोर पोटुशी होती. टाकळा, भारंगी असला रानपाला उपटून, शिजवून तिने दोन महिने काढले. कोणाकडे मागितले नाही, माझ्या नावाला बट्टा लागेल म्हणून. गणपतीला मी गेलो तर ती उंबऱ्यात बसली होती. मूल गेलेले होते. तिने मला ओळखले नाही. भाद्रपद संपायच्या आत तीही गेली.

जावई नंतर आला, ढसढसा रडला आणि पुन्हा लग्न करून मोकळा झाला.

तेव्हापासून गोड पत्र आले की मी ते वाचून फळीवर टाकतो. मिठाचे मी सांगितले नाही ते मुद्दामच. सांगून केलेली गोष्ट सांगणारा असेपर्यंत टिकते. घरात घात झाल्यावर हा माणूस काय करतो ते मला बघायचे होते. तांदूळ फेकतो, उसने आणतो, की दळतो.

दळलात. ठीक आहे. पावसाळा अजून संपलेला नाही.

रावजी

*

झाडगाव
ता. १० ऑक्टोबर १९३४

रावजीमामा यांस.

मालनविषयीचे तुमचे पत्र मिळाले. त्या दिवसापासून गफूर आला की दार उघडून स्वतः मडकी दाखवली. तुमच्याविषयी वाईट बोललो त्याची लाजही वाटली. पावसाळा सरला. कणगीत तळाला अजून दोन पायल्या तांदूळ आहे, उधारी कोणाची नाही, पोस्टात एकवीस रुपये आहेत. परवा आश्विन लागला. मी तुमच्या निरोपाची वाट बघत होतो.

निरोप आला. "दसऱ्याला दुकानात गर्दी असते. दिवाळीला घर सारवायचे असते. मार्गशीर्षात बघू."

मी गफूरला म्हटले, मडकी पुन्हा बघून जा, मामांची खात्री पटली नसेल. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "काशीरामदादा, तुमी उगाच मडकी दाखवताव. म्हाताऱ्याला मडक्यांचा काय पडलेला नाय. श्रावणात सखू आजोळी गेली तीन दिसांसाठी. यान चूल पेटवलीन नाय. दुकानातले पोहे नि गूळ खाऊन ऱ्हायला. चौथ्या दिसाची वाट बघतो कशाला, तिसऱ्याच सकाळी मला गाडी घेऊन धाडलान, तिला आण म्हणून."

मी आठवून बघितले. गेल्या वर्षीची दोन पत्रे फळीवर गेली. मग अधिक, मग बेगमी, मग आश्विन, आता मार्गशीर्ष. मार्गशीर्षानंतर पौष येतो, पौषात तर काहीच करत नाहीत.

तेव्हा आज मी लिहितो आणि तुम्ही ऐका. मालन उपाशी मेली हे खरे आणि त्याचे दुःख मला आहे. पण सखूला तुम्ही धरून ठेवली आहे ती मालनसाठी नव्हे, तुमच्या दोन वेळच्या भातासाठी. मेलेल्या मुलीच्या आड तुम्ही आपले ताट लपवलेत. मला चार महिने रांधायला लावलेत आणि स्वतःला पाण्याचे आधण ठेवता येत नाही. परीक्षा घेणाऱ्याने निदान धडा तरी वाचलेला असावा.

दसऱ्याला मी येतो. दिलीत तर तुमच्या देखत नेईन, नाही दिलीत तर बाजाराच्या देखत.

काशीराम

*

पाली
ता. १४ ऑक्टोबर १९३४

काशीराम,

दसऱ्याला या आणि घेऊन जा. बोचके बांधले आहे. लुगडी दोन, तांब्याचा हंडा एक, आणि तिच्या आईची पाटली. मोजून घ्या.

मालनविषयी लिहिलेत ते लिहायला नको होते. ते खोटे असते तर मी तुम्हाला बाजारात जोड्याने मारले असते.

यापुढे माझ्या दारात तुमचे ताट मांडले जाणार नाही. लोभ असावा असे लिहिण्याची रीत आहे, मी ती पाळत नाही.

रावजी धनावडे

*

पाली
ता. २० नोव्हेंबर १९३४

काशीराम यांस,

या पत्राने आपला अबोला सुटला असे समजू नका. कामापुरते लिहितो.

सखू गेल्यावर मी भावाकडे जेवायला जात होतो. आठ दिवस नीट झाले. नवव्या दिवशी भावजयीने ताट मांडता मांडता विचारले, "आज पन हितंच काय भावोजी?" तिने वाईट हेतूने विचारले नसेल. मी पाट सरकवून उठलो तो पुन्हा गेलो नाही.

मग स्वतः मांडी घालून चुलीशी बसलो. पहिले मडके तडकले. दुसऱ्यात भात खाली कोळसा आणि वर कच्चा. मी पालीच्या बाजारात तीस वर्षे तांदूळ विकतो. चार जातींचे दाणे तळहातावर टाका, डोळे मिटून वासाने सांगेन कुठला कोणता. पण त्यांना पाणी किती लागते ते मला ठाऊक नाही. कधी विचारलेच नाही. बायको होती तोवर ताट समोर आले, ती गेल्यावर मालनने आणले, मालन सासरी गेल्यावर सखूने आणले. ताट कुठून येते हे मी बघितले नाही. आता विचारायचे कोणाला? गिऱ्हाईकाला विचारले तर दुसऱ्या दिवशी सगळा बाजार हसेल. भावजयीला विचारणार नाही.

पोहे खाऊन दिवस जातात, पण थंडी पडली आहे आणि सकाळी काहीतरी ऊन पोटात जावेसे वाटते. पेजेला पाणी किती, तांदूळ केव्हा टाकायचे आणि मीठ आधी की नंतर, एवढेच उलट टपाली कळवा. तुम्ही एक पावसाळा काढला आहे, म्हणून तुम्हाला विचारतो.

थोडा बारीक झालो आहे, असे गफूर म्हणतो. त्याचे काही मनावर घेऊ नये.

रावजी

*

झाडगाव
ता. २३ नोव्हेंबर १९३४

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार.

एक वाटी तांदळाला आठ वाट्या पाणी. आधी पाण्याला आधण येऊ द्या, मग तांदूळ धुऊन वैरा. जाळ मोठा नको, एकच लाकूड पुढे सरकवून ठेवा. दाणा दोन बोटांत चिरडला की उतरवा. मीठ नंतर. झाकण पुरते लावू नका, उतू जाते आणि चूल विझते. पहिल्या दोन-तीन वेळा बिघडेल. बिघडलेली फेकू नका, पाणी घालून पुन्हा ठेवा. भाताला पाणी अडीच वाट्या, ते पेज जमल्यावर.

आता दुसरे. तुमचे पत्र माझ्या नावाने आले, पण ते सखूसाठी लिहिलेले आहे हे मला पहिल्याच वाचनात कळले. बारीक झालो, थंडी पडली, भावजय काय म्हणाली, हे जावयाला कोणी लिहीत नाही. सखूला वाचता येत नाही, पत्र मीच वाचून दाखवणार, हे धरूनच तुम्ही लिहिलेत. मी ते वाचून दाखवलेले नाही.

सखू रोज विचारते, बाबांचे पत्र आले काय. काल संध्याकाळीही विचारले. पत्र खिशात होते आणि मी नाही म्हणालो. तिला कळले तर ती चुलीवरचे भांडे तसेच टाकून गफूरच्या गाडीत बसेल, आणि पालीला पोचल्यावर तुम्ही तिला परत धाडणार नाही. मी तुम्हाला ओळखतो.

सखूला येऊन पाच आठवडे झाले. मी वखारीतून येतो तेव्हा धूर दिसतो, पाय धुवायला पाणी असते, पाटावर बसलो की ताट येते. मला भात करता येतो, भाकरीसुद्धा आता गोल येते, पण ती आल्यापासून मी एकदाही चुलीशी बसलेलो नाही. ऑक्टोबरात तुम्हाला काय काय लिहिले ते मला पाठ आहे. कालपासून ते आठवते आणि जेवण गोड लागत नाही. तरी तिला सांगणार नाही. माझ्याने होत नाही.

रविवारी मीच पालीला येतो. दोन दिवस राहीन आणि पेज, भात, पिठी एवढे तुमच्या शेजारी बसून शिकवीन. नवी मडकी दोन आणून ठेवा. सखूला सांगेन, वखारीच्या कामाला जातो.

आपला,
काशीराम